परक्या लिपीतला टॅटू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्षररेखाटन हा माझा व्यवसाय. त्यामुळे टॅटू काढणारे आणि काढून घेणारे, दोघेही मजकूर तपासायला पाठवतात. सोबत येणारे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे मागाहून. एखाद्या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तो क्रमांक दिला आहे.

१. जी भाषा मला वाचताच येत नाही, तिच्यात टॅटू काढून घेणं मुळात शहाणपणाचं आहे का?

काढू नका, असं मी कुणाला सांगत नाही. जत्रेतल्या मशीनवर हातावर नाव गोंदवून घेणाऱ्या आपल्या कित्येक आज्यांना ते नाव वाचता येत नव्हतं. पण वाचणारी माणसं गावातच होती. गोंदणाऱ्याने काही चुकवलं असतं तर बाई घरी पोहोचायच्या आत कुणीतरी सांगितलं असतं. तुमच्या दंडावर कोरियन असेल आणि तुम्ही राहायला इचलकरंजीत, तर चूक कळायला वर्षं लागतील आणि ती सांगणारा बहुधा अनोळखी माणूस असेल.

हौस असेल तर जरूर काढा. फक्त ती लिपी वाचणारा एक माणूस सुई लागण्याआधी हाताशी हवा. तो भाषांतरापुरता गाठून उपयोग नाही. का, ते पुढच्याच प्रश्नात आहे.

२. चूक होते ती भाषांतरातच ना? एकदा भाषांतर नीट करून घेतलं की झालं?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. माझ्याकडे येणाऱ्या फसलेल्या डिझाइनांपैकी बहुतेकांचा मूळ मजकूर बरोबर असतो. तो बिघडतो वाटेत.

वाट कशी असते पाहा. जाणकाराने शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवले. डिझायनरने ते कॉपी करून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये डकवले. तिथून चित्र तयार झालं, ते स्टुडिओत गेलं, टॅटू आर्टिस्टने ते स्टेन्सिलवर गिरवलं आणि स्टेन्सिल कातडीवर उमटवलं. या साखळीत पहिला माणूस सोडला तर कुणालाच ती लिपी येत नाही. मग जो तो अक्षराला नक्षी समजून हाताळतो: जरा ताणतो, शोभेसाठी एखादी रेघ लांबवतो, कचरा समजून टिंब पुसतो.

सॉफ्टवेअरचं दुखणं तर आपल्याला घरचंच आहे. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी सुरू केलेली नसेल तर 'शिव' लिहिताना पहिली वेलांटी श च्या पुढे जाऊन बसते आणि वाचणाऱ्याला 'शवि' दिसतं. 'शक्ती'मधला क्त सुटा होऊन क चा पाय मोडतो. अरबीचे हाल याहून वाईट, ते प्रश्न ७ मध्ये आहेत. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं सांडलेली दिसतात. मराठी माणसाला ते लगेच कळतं. ब्राझीलमधल्या आर्टिस्टला कसं कळावं?

आणि बारीक खुणा. स्पॅनिशमध्ये 'आन्यो' म्हणजे वर्ष. त्यातल्या एका अक्षरावर छोटी लाट असते, ती गळली की शब्द होतो 'आनो', म्हणजे गुदद्वार. चिता आणि चिंता यांच्यात एका बिंदूचाच फरक, हे सुभाषित आपण शाळेत शिकलो आहोतच.

३. गूगल ट्रान्सलेट किंवा एखाद्या चॅटबॉटवरून घेतलेला मजकूर चालेल का?

हॉटेलचा मेन्यू वाचायला चालतो. टॅटूला नाही, कारण टॅटूत सहसा एकच शब्द किंवा अर्धं वाक्य असतं, आणि संदर्भ नसला की यंत्र मनाला येईल तो अर्थ उचलतं. चिनी टॅटूंमधला गाजलेला घोळ असाच आहे. इंग्रजी 'फ्री' हा शब्द दिला आणि हाती आला 'मियेनफेई'. त्याचा अर्थ फुकट. स्वातंत्र्यासाठी चिनीत निराळाच शब्द आहे.

'उलट भाषांतर करून पाहिलं, बरोबर आलं' हा पुरावा धरू नका. 'मियेनफेई'चं इंग्रजीही 'फ्री' असंच येतं!

यंत्राला आणखी एक गोष्ट कळत नाही: कोण कुणाला म्हणतंय. जपानी आणि कोरियनमध्ये क्रियापदाचा शेवट त्यावर ठरतो. 'आई, तुझी आठवण येते' हे वाक्य कचेरीतल्या पत्राच्या सुरात दंडावर उतरलं तर व्याकरण शुद्ध असूनही वाचणारा गोंधळेल. म्हणून भाषांतर करणाऱ्याला शब्दासोबत प्रसंगही सांगा: वाक्य कोणाचं, कोणासाठी, माणूस हयात आहे की नाही.

४. स्टुडिओच्या अल्बममध्ये ए ते झेड अशी चिनी अक्षरं दिली आहेत. त्यावरून माझी आद्याक्षरं काढली तर?

तो तक्ता बोगस आहे. चिनी लिपीत मुळाक्षरंच नाहीत. एकेक चिन्ह एकेका अक्षरगटाचा उच्चार दाखवतं आणि बहुधा स्वतःचा अर्थही बाळगतं. इंग्रजी सव्वीस अक्षरांसमोर कुणीतरी कधीतरी वाटेल ती चिन्हं मांडली आणि तो कागद जगभरच्या स्टुडिओंत नकलेची नक्कल होत फिरत राहिला. २००४ पासून 'हान्झी स्मॅटर' या इंग्रजी संकेतस्थळाने चुकलेल्या चिनी-जपानी टॅटूंचे नमुने जमवले, त्यात या तक्त्याने फसलेले लोक पुन्हा पुन्हा भेटतात.

अल्बममधल्या 'शक्ती', 'प्रेम', 'शांती' अशा तयार चिन्हांवरही डोळे झाकून विश्वास नको. चिन्ह बरोबर असलं तरी अल्बम चार वेळा झेरॉक्स झालेला असतो आणि त्यात रेघा गळतात.

५. माझं नाव स्वप्नील. जपानीत कसं दिसेल?

परकी नावं जपानीत काताकाना या लिपीत लिहितात. तिच्यात न सोडला तर प्रत्येक व्यंजनाला स्वर लागतोच, आणि ल नाही. त्यामुळे स्वप्नीलचा होतो 'सुवापुनीरु', शुभमचा 'शुबामु'. ही चूक नव्हे, त्या लिपीची रीत आहे. जपानी माणूस तुम्हाला हाक मारेल ती अशीच. हे आधीच ऐकून घ्या. बरेच जण इथेच बेत बदलतात.

एक खास फसगत. काताकानात दीर्घ स्वर आडव्या रेघेने दाखवतात. नाव उभं लिहिलं की ती रेघही उभी करायची असते. लिपी न येणारा आर्टिस्ट अक्षरं एकाखाली एक रचतो आणि ती रेघ आडवीच ठेवतो. मग जपानी वाचकाला तिथे 'एक' या आकड्याचं चिन्ह दिसल्याचा भास होतो.

चिनीत नाव उच्चारावरून बसवतात. एका उच्चाराची अनेक चिन्हं असतात आणि प्रत्येकाला अर्थ असतो. अमुक भारतीय नावाला अमुकच चिन्हं, असा नियम नाही. चांगल्या अर्थाची चिन्हं निवडून देणारा चिनी वाचक हवा.

६. चिनी आणि जपानी अक्षरं एकच ना? मग मुलीसाठी 'मुलगी' काढायचं तर कुठलंही चालेल?

चालणार नाही, आणि नेमकं हेच उदाहरण घातक आहे. जपानीत 'मुसुमे' म्हणजे मुलगी ज्या चिन्हाने लिहितात, तेच चिन्ह चिनीत आईसाठी वापरतात. जपानी पत्रासाठी जो दोन चिन्हांचा शब्द लिहितात, त्याचा चिनी अर्थ टॉयलेट पेपर. जपानी 'अभ्यास' हा शब्द चिनी माणूस वाचतो तेव्हा त्याला दिसतं 'नाइलाजाने, ओढूनताणून'. (काही विद्यार्थ्यांना हा टॅटू शोभेलही.)

म्हणून आधी भाषा ठरवा, मग चिन्ह. चिनी ठरली तर पारंपरिक लिपी की सुलभ, हेही ठरवा. चीनमध्ये सुलभ चालते, तैवान-हाँगकाँगमध्ये पारंपरिक. पारंपरिक लिपीतल्या 'प्रेम' या चिन्हाच्या पोटात 'हृदय' हे चिन्ह असतं, सुलभ रूपात ते उरलेलं नाही. हृदय असलेलंच हवं, असं बरेच जण सांगतात. मग दोन चिन्हांच्या मजकुरात एक पारंपरिक आणि एक सुलभ अशी भेळ होऊ देऊ नका.

७. अरबी डिझाइन आलंय. मला ओ की ठो कळत नाही. ते मोडलेलं नाही हे स्वतः कसं तपासू?

अर्थ तपासता येणार नाही, पण मोडतोड बरीच ओळखता येते. अरबी ही जोडून लिहायची लिपी आहे आणि शब्दात अक्षर कुठे येतं, सुरुवातीला, मध्ये की शेवटी, त्यानुसार त्याचा आकार बदलतो. सहा अक्षरं पुढच्याला जोडली जात नाहीत, त्यामुळे अधूनमधून फट दिसणं ठीक. पण सगळीच अक्षरं सुटी सुटी उभी असतील तर सॉफ्टवेअरने मजकूर फोडला आहे. सहसा त्याच वेळी क्रमही उलटतो: उजवीकडून डावीकडे जायची लिपी डावीकडून उजवीकडे लागते. मूळ शब्दाचा मागमूस उरत नाही.

तपासणी सोपी आहे. जाणकाराने पाठवलेला मूळ मजकूर फोनवर उघडा. आजचे फोन अरबी नीट दाखवतात. शेजारी डिझाइन ठेवा आणि जुळवून पाहा: जोड तेच आहेत का, टिंबं तितकीच आहेत का, उजवं टोक उजवीकडेच आहे का. टिंबांत हयगय नको. ब, त आणि थ यांचा सांगाडा एकच, फरक निव्वळ टिंबांचा.

हिब्रूत अक्षरं जोडत नाहीत, म्हणून तिथे धोका उलट्या क्रमाचाच. त्या लिपीतल्या पाच अक्षरांना शब्दाच्या शेवटी वेगळं रूप असतं. शेवट म्हणजे डावं टोक. ते रूप उजव्या टोकाला दिसलं तर शब्द उलटा लागला आहे. आणि अरबी उभी रचायचा हट्ट धरू नका, जोड तुटतात.

८. मग नाव अरबीत काढू की उर्दूत? दिसायला तर सारखंच.

मराठी नावासाठी बहुतेकदा उर्दू. अरबीच्या मूळ वर्णमालेत प, च, ट आणि ग ही अक्षरं नाहीत. प्रियाची 'ब्रिया' होते, पाटीलचा 'बातील'. उर्दूत हे सगळे उच्चार आहेत. ण आणि ळ मात्र तिथेही न आणि ल होतात.

दिसायलाही सारखं नसतं. उर्दू नस्तालीक वळणात, तिरकी खाली उतरत जाते. अरबी सहसा नस्ख वळणात सपाट रेषेवर चालते. अरबी फॉन्टमध्ये टाकलेली उर्दू वाचता येते, पण उर्दूवाल्याला ती परकी वाटते.

कुराणातली आयत काढावी का, असंही विचारतात. काढू नये असं माझं मत आहे. बहुसंख्य मुस्लिम कायमचं गोंदण निषिद्ध मानतात, आणि आयत घेऊन तुम्ही कुठे कुठे जाणार याचा त्यांना त्रास होणं स्वाभाविक आहे. शेर काढा. उर्दूत त्यांची काय कमी आहे!

९. संस्कृत तर देवनागरीतच आहे, मला वाचता येतं. श्लोक तपासून घ्यायची गरज आहे?

आहे, आणि हे उत्तर लांब होणार, कारण माझ्याकडे सर्वाधिक चुका इथेच येतात. लिपी ओळखीची असली की आपण वाचत नाही, ओळखतो. डोळा पुढे सरकतो आणि चूक तिथेच राहते.

'अहं ब्रह्मास्मि' घ्या. आपण बोलताना ब्रम्ह म्हणतो, म्हणून 'ब्रम्हास्मि' असं कोरलेले हात मी पाहिले आहेत. ह आधी, म नंतर: ह्म. 'आशीर्वाद'चा रफार घसरून 'आर्शीवाद' होणं तर दुकानांच्या पाट्यांवरही चालतं.

सर्वांत जास्त मागणी शिवरायांच्या राजमुद्रेला. पाठ असा: 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ।।' गडबड होते ती ठिकाणं ठरलेली आहेत. 'प्रतिपच्चंद्र'मधला दुहेरी च गळतो. 'वर्धिष्णुर्विश्व'मधला दुसरा रफार वि वरून उडतो किंवा शेजारच्या अक्षरावर जातो. 'शाहसूनोः'चा विसर्ग नाहीसा होतो. 'शिवस्यैषा'च्या दोन मात्रांची एक होते. शिवाय मूळ अष्टकोनी मुद्रेत ओळी जागेप्रमाणे, शब्दाच्या मधेच तुटतात. ते पाहून काही आर्टिस्ट स्वतः नव्याने ओळी पाडतात आणि त्यात जोडाक्षर मधोमध चिरतात. ओळ तोडायची तर मूळ मुद्रेप्रमाणे तोडा. पत्राच्या शेवटी येणारी 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा मनगटावर जास्त नीट बसते, तिच्याकडे कुणी वळत नाही.

दुसरं, फॉन्ट. ल आणि श यांची मराठी रूपं हिंदी रूपांहून वेगळी आहेत. पाकळीचा ल आणि देठाचा श आपले, आणि राज्य शासनाने २००९ च्या शासन निर्णयात तीच प्रमाण ठरवली. हिंदीचा उभ्या दांड्याचा ल अशुद्ध नव्हे, पण 'शिवबा' किंवा 'लेक' असं मराठी मनाने काढायचं असेल तर फॉन्टही मराठी वळणाचा घ्या. 'दऱ्याखोऱ्या'सारखा शब्द असेल तर चंद्रकोरीसारखा अर्धा र त्या फॉन्टमध्ये उमटतो का, हे आधी पाहा.

१०. मोडीत आडनाव काढायचंय. फॉन्ट डाउनलोड केला तर जमेल?

मोडी म्हणजे आपलीच भाषा आणि परकी झालेली लिपी. त्यामुळे इथे मराठी माणूस चिनी टॅटू काढणाऱ्याइतकाच आंधळा असतो, फक्त त्याला तसं वाटत नाही.

मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, पण अनेक फोनवर आणि सॉफ्टवेअरमध्ये ती अजून नीट उमटत नाही. जुने मोडी फॉन्ट देवनागरीच्या किंवा इंग्रजीच्या कळांवर अक्षर बसवतात, आणि बरेचसे देवनागरीचा सांगाडा तसाच ठेवून वर मोडीचं कातडं चढवतात. खऱ्या लेखनात आधी पानभर आडव्या रेघा ओढत आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं लिहीत. शब्दांत जागा सोडत नसत. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत. म्हणून 'माझ्या नावात दुसरी वेलांटी आहे, ती मोडीत कुठे दिसेना' ही तक्रार रास्त नाही.

वळणही काळाप्रमाणे बदललं: शिवकालीन वेगळं, पेशवेकालीन वेगळं, इंग्रजी अमदानीतलं आणखी वेगळं. शिवकाळातली ओळ पेशवाई वळणात काढली तर मोडी वाचक हसतीलच असं नाही, पण त्यांच्या लक्षात येईल. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकवली जाते, इतरत्रही वर्ग चालतात. तिथल्या जाणकाराकडून नाव बोरूने किंवा कट निबने कागदावर लिहून घ्या आणि त्याचंच स्टेन्सिल करा. फॉन्टपेक्षा ते कितीतरी जिवंत दिसतं.

११. माझ्या जर्मन सहकाऱ्याला मराठीत टॅटू हवाय. मी काय देऊ?

टाइप केलेला मजकूर देऊ नका, तो तिकडच्या सॉफ्टवेअरमध्ये मोडेल (प्रश्न २). मोठ्या आकारातली पीडीएफ किंवा चित्र द्या, शिरोरेघा कुठे, वरची बाजू कोणती हे बाणाने दाखवा, आणि 'यात काहीही बदलू नका' असं त्यांच्या आर्टिस्टला कळवा.

मराठीच देताय हेही सांगा. नाहीतर पुढे एखादा हिंदी भाषक त्यांना 'चुकलंय' म्हणेल. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमचं असंच झालं. त्याने २००० साली पत्नीचं नाव देवनागरीत काढलं, आणि त्यात एक ह जास्तीचा पडला म्हणून जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली. हातावर होतं 'व्हिक्टोरिया'. हिंदीत विक्टोरिया लिहितात, तेव्हा हिंदी म्हणून ती चूक खरी. पण आपल्या बोरीबंदरचं जुनं नाव मराठी माणूस दुसरं कसं लिहीत होता? मराठीप्रमाणे बेकहॅमचा हात निर्दोष आहे.

१२. बीटीएस या कोरियन गायकांच्या चमूमुळे कोरियनमध्ये काढायचंय. कोरियन सोपी असते म्हणतात.

वाचायला शिकणं खरंच सोपं आहे. राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेल्या हंगुल लिपीत आज मूलभूत अक्षरं २४. जेवढं काढायचंय तेवढं वाचायला आठवड्याभरात शिकाल, आणि मी तेच सुचवतो. इतर कुठल्या लिपीबद्दल मी असं म्हणणार नाही.

अक्षरं सुटी न लिहिता एकेका उच्चारगटाच्या चौकोनात रचायची असतात. काही फाइलींमध्ये हे चौकोन फुटून अक्षरं ओळीने सांडतात. तसं दिसलं की थांबा. सूर-अदबीचा मुद्दा प्रश्न ३ मध्ये आला आहे.

१३. तपासणारा माणूस आणायचा कुठून? आणि त्याला विचारायचं काय?

पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग चालतात, जपानी शिकलेली माणसं तर शहरात मुबलक आहेत. मुंबई विद्यापीठात अरबी, फारसी, उर्दू शिकवतात. संस्कृतसाठी डेक्कन कॉलेज आहे. गावाकडे असाल तर परदेशी असलेल्या नातेवाइकाच्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचा. व्हिडिओ कॉलवर काम होतं. मानधन विचारा, फुकटात घाईची तपासणी मिळते.

'हे बरोबर आहे ना?' असं विचारू नका. भिडेपोटी लोक हो म्हणतात. अर्थ न सांगता डिझाइन दाखवा आणि म्हणा, 'वाचून दाखवा, आणि याचा अर्थ काय ते तुमच्या शब्दांत सांगा.' तो अडखळला तर तुम्हाला उत्तर मिळालं. मग विचारा, 'तुमच्या भावाने हे काढलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?' शब्द शुद्ध पण हास्यास्पद असेल तर तो इथे उघडा पडतो. दुसरा वाचक पहिल्याशी न बोललेला हवा.

१४. सगळं तपासून झालं. आता स्टुडिओत काय बघू?

स्टेन्सिल कातडीवर उमटल्यावर सुई लागण्याआधी फोटो काढा आणि तपासणाऱ्याला पाठवा. त्याने हो म्हणेपर्यंत थांबा. त्याला दिवस आणि वेळ आधी सांगून ठेवा. कागद उलटा लागला तर मजकूर आरशातला होतो, आणि परक्या लिपीत ते तुमच्या किंवा आर्टिस्टच्या लक्षात येणार नाही. आरशात किंवा सेल्फी कॅमेऱ्यात पाहून तपासू नका, तिथे उलटं सुलटं दिसतं.

आकाराबद्दल आर्टिस्टचं ऐका. शाई वर्षागणिक पसरते. ड्रॅगनच्या पारंपरिक चिनी चिन्हात १६ रेघा आहेत. ते करंगळीच्या नखाएवढं काढलं तर काही वर्षांनी काळा ठिपका उरेल. देवनागरीत ध आणि घ, भ आणि म यांतल्या फटी आधी बुजतात.

१५. थायलंडचं मंत्र-यंत्र किंवा तिबेटी 'ॐ मणिपद्मे हूं' कसं तपासणार?

थाई 'साक यांत' मधली अक्षरं थाई नसतात. ती खोम नावाच्या, ख्मेर वळणाच्या लिपीत असतात आणि भाषा असते पाली. सामान्य थाई माणसालाही ती वाचता येत नाहीत. अँजेलिना जोलीच्या खांद्यामागच्या पाच ओळी याच प्रकारातल्या. त्यामुळे बँकॉकच्या टॅक्सीवाल्याला विचारून उपयोग नाही. हे यंत्र देणाऱ्या गुरूकडूनच घ्यावं. इंटरनेटवरचं चित्र देऊन इकडे काढून घेतलेल्या यंत्रातली अक्षरं पुसट नकलेची असतात.

तिबेटीत व्यंजनं एकाखाली एक रचतात आणि अक्षरगटांमध्ये छोटं टिंब असतं. रचना सुटली किंवा टिंबं गेली की मजकूर मोडला. तिबेटी बौद्ध मठातला कुणीही शिकलेला भिक्खू हा मंत्र क्षणात तपासून देईल.

१६. मजकूर बिनचूक आहे. मग त्या देशात जायला हरकत नाही ना?

मजकुरामुळे नाही, पण जागेमुळे आणि चित्रामुळे अडू शकतं. श्रीलंकेत २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या ब्रिटिश पर्यटक महिलेला अटक करून परत पाठवलं होतं. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई दिली, पण तोवर सहल गेलीच. आपल्याकडेही बंगळुरूत २०१५ मध्ये नडगीवर यल्लम्मा काढलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाला जमावाने घेरलं. सौंदत्तीची यात्रा करणाऱ्या घरात वाढलेल्याला पायावर देवी का खुपते, हे सांगावं लागत नाही. त्या तरुणाला ते कुणी आधी सांगितलं नसावं. देव, मंत्र, धर्मग्रंथातली ओळ असेल तर कंबरेच्या वर. जपानात बरीच गरम पाण्याची स्नानगृहं टॅटूवाल्यांना आत घेत नाहीत, मग त्यावर काहीही लिहिलेलं असो.

१७. सैन्यभरतीची तयारी करतोय. परक्या लिपीतला टॅटू चालेल?

तिथे लिपीआधी जागा पाहतात. लष्करात सर्वसाधारण उमेदवाराला कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंज्याच्या मागच्या बाजूला कायमचा टॅटू चालतो, इतरत्र नाही. आदिवासी समाजांना परंपरेनुसार वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत डाव्या हाताच्या कोपराखाली आतल्या बाजूला किंवा पंज्याच्या मागच्या बाजूला, त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून लहान, आणि मजकूर नाव किंवा धार्मिक चिन्ह अशी मर्यादा आहे. ताजी जाहिरात वाचा. माझा सल्ला: निकाल लागेपर्यंत काढूच नका.

१८. चूक झाली आहे. आता?

आधी नेमकी चूक काय ते दोन वाचकांकडून कळून घ्या. गळालेलं टिंब, विसर्ग, रफार सहज भरता येतात. जास्तीची रेघ घालवणं अवघड.

एक शब्द जोडून अर्थ सावरण्याचा मोह होतो. तो कसा फसतो याचं नामांकित उदाहरण आरियाना ग्रांदे. 'सेव्हन रिंग्ज' या स्वतःच्या गाण्यासाठी तिने जानेवारी २०१९ मध्ये तळहातावर जपानीत 'सात अंगठ्या' काढायचं ठरवलं. वेदना सोसेनात म्हणून मधली तीन चिन्हं गाळली. उरलेल्या दोन चिन्हांचा शब्द झाला 'शिचिरिन', म्हणजे मांस भाजायची छोटी कोळशाची शेगडी. मग जाणकाराला विचारून तिने 'बोट' हे चिन्ह खाली वाढवलं, पण ते हव्या त्या क्रमात बसेना. शेगडी आणि बोट असंच वाचलं जाऊ लागलं. कागदावर दुरुस्ती बरोबर होती. हातावर जागा नव्हती.

जागा नसेल तर कव्हर-अप, म्हणजे जुन्या टॅटूवर तो झाकणारं नवं चित्र, किंवा लेझर. काळी शाई लेझरला सर्वांत चांगली दाद देते, हिरवी-पिवळी चिवट. अनेक बैठका, त्यांत काही आठवड्यांचं अंतर. आपल्या सावळ्या त्वचेवर डाग पडायचा किंवा रंग उडायचा धोका असतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा. काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर आपल्या त्वचेला तुलनेने सुरक्षित मानतात. संपूर्ण पुसण्याऐवजी थोडा फिकट करून वर कव्हर-अप काढला तर बैठका कमी लागतात.

१९. मला ती भाषा येते आणि दुसऱ्याच्या हातावर चूक दिसली. सांगू का?

स्टेन्सिलवर असेल तर लगेच, ओळख नसली तरी. शाई गेली असेल आणि त्याने विचारलं नसेल तर सहसा गप्प बसा. अपवाद दोन: शब्द शिवी किंवा अपमान होत असेल, किंवा तो माणूस ती भाषा बोलणाऱ्या देशात निघाला असेल. अशा वेळी बाजूला घेऊन सांगा, आणि दुरुस्तीचा मार्ग (प्रश्न १८) माहीत असेल तर तोही सोबत सांगा. त्याच्या हाताचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.